दोन ट्रेलरच्या मधली रिक्षा

सकाळी साडेआठला कळंबोली सर्कलला अडकलेल्या कुठल्याही पनवेलकराला विचारा. डावीकडे कंटेनर लादलेला ट्रेलर, उजवीकडे तसलाच दुसरा, आणि मधल्या फटीत एक रिक्षा. बंदराचं नाव कागदोपत्री बदललं तरी आपण अजून त्याला जेएनपीटीच म्हणतो आणि त्या दिशेच्या ट्रेलरना मनातल्या मनात शिव्याही तशाच घालतो. ट्रेलर उभे आहेत तोवर रिक्षावाला निवांत असतो, हेडफोनवर गाणी ऐकत. दोन्ही ट्रेलर एकदम हलले की त्याचा चेहरा बघा!

आता समजा, ती रिक्षा म्हणजे तुमच्या हृदयाला रक्त पुरवणारी नळी आहे आणि ते दोन ट्रेलर म्हणजे हृदयातून बाहेर पडणाऱ्या दोन सगळ्यात मोठ्या रक्तवाहिन्या. तुम्ही खुर्चीत बसून एक्सेल शीट भरताय तोवर सगळं ठीक. तुम्ही धावायला लागलात, गड चढायला लागलात की ट्रेलर हलले.

टेन्शन घेऊ नका बॉस. बहुतेकांच्या छातीत हा सीन नसतो. पण ज्यांच्या असतो, त्यांच्या तो जन्मापासून असतो आणि त्यातल्या अनेकांना पंचविशी-तिशीपर्यंत पत्ताच नसतो. म्हणून या आठवड्यात डाएट नाही, जिम नाही. या आठवड्यात हृदयाच्या नळ्यांचा नकाशा.

शंभरात एक

कोरोनरी हा शब्द लॅटिनमधल्या मुकुट या अर्थाच्या ‘कोरोना’वरून आला. होय, तोच कोरोना, ज्याने आपल्याला २०२० मध्ये घरात बसवलं. हृदयाच्या डोक्यावर मुकुट घातल्यासारख्या या धमन्या दिसतात, म्हणून हे नाव. महारोहिणी, म्हणजे हृदयातून शुद्ध रक्त घेऊन निघणारा एक्स्प्रेस-वे, जिथे सुरू होतो तिथेच या धमन्यांची तोंडं असतात. उजव्या बाजूने उजवी, डाव्या बाजूने डावी. डावी पुढे जाऊन दोन फांद्यांत फुटते. नळीचा व्यास जेमतेम तीन-चार मिलिमीटर. एवढ्याशा नळ्यांवर सगळा डोलारा!

आईच्या पोटात हृदय घडताना कधी कधी या नळ्या चुकीच्या जागी जोडल्या जातात. डावी उजवीकडून निघते, उजवी डावीकडून निघते, कधी एकच नळी दोघींचं काम करते. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १,२६,५९५ लोकांच्या अँजिओग्राफीच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्याचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यात १.३ टक्के लोकांच्या धमन्यांमध्ये असं काही ना काही जन्मजात वेगळेपण निघालं. म्हणजे साधारण शंभरात एक. आपल्या पनवेल-सीएसएमटी लोकलच्या भरलेल्या एका डब्यात दोन-तीन जण सहज.

त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. नळी महारोहिणीच्या मागून वळसा घालून गेली, किंवा फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या पुढून गेली, तर ती नुसती लांबच्या रस्त्याने जाते. पनवेलहून ठाण्याला वाशीमार्गे जाण्यासारखं. वेळ जातो, पण पोचतो माणूस.

घोळ होतो तो नळी या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून जाते तेव्हा. त्यातही नुसतं मधून जाणं एवढाच प्रश्न नसतो. अशा नळीचं तोंड अनेकदा गोल नसतं, पत्रपेटीच्या फटीसारखं चपटं असतं. ती तिरकी निघते आणि तिचा सुरुवातीचा तुकडा महारोहिणीच्या भिंतीतूनच सरपटत जातो. धावताना हृदय जोरात काम करतं, महारोहिणी ताणली जाते आणि भिंतीतला तो तुकडा दाबला जातो. नेमकं तेव्हाच हृदयाला जास्त रक्त हवं असतं. उजवीकडून निघालेली डावी धमनी अशी मधून गेली, तर धोका सगळ्यात जास्त. डावीकडून निघालेली उजवी जास्त वेळा आढळते, पण तुलनेने कमी धोक्याची असते.

दहा सीझन खेळलेला माणूस

पीट मॅराविच हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. अमेरिकेत बास्केटबॉलच्या दुनियेत तो आपल्या गावसकरांसारखा. कॉलेजच्या मॅचेसमध्ये सरासरी ४४.२ पॉइंट्स काढणारा हा गडी पुढे एनबीएमध्ये दहा सीझन खेळला. ५ जानेवारी १९८८ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनामध्ये मित्रांबरोबर मजेत खेळताना तो कोसळला आणि गेला. वय ४०. शवविच्छेदनात कळलं की त्याला डावी कोरोनरी धमनी जन्मापासून नव्हतीच!

एवढा फिट माणूस, एवढे डॉक्टर आजूबाजूला, मग कुणाला कळलं कसं नाही? उत्तर सोपं आहे. साध्या तपासण्यांमध्ये हे प्रकरण लपून राहतं. २००० साली इटली आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा विकारामुळे अचानक गेलेल्या २७ तरुण खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सहा जणांची आधी स्ट्रेस ईसीजी टेस्ट झालेली होती. सहाच्या सहा नॉर्मल! म्हणजे ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये ट्रेडमिलवर धावून ‘ऑल क्लिअर’ मिळालं, तरी हा प्रश्न सुटला असं होत नाही.

ईएमआयवाला इंजिनिअर

इथे एन्ट्री होते सीटी स्कॅनची. याचा जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा डॉक्टर नव्हता. बीटल्सच्या रेकॉर्ड्स काढणाऱ्या ब्रिटनच्या ईएमआय कंपनीत तो इंजिनिअर होता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये त्याच्या मशीनवर पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला. १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅक या फिजिक्सवाल्याबरोबर त्याला नोबेल मिळालं.

पण मेंदू गप्प बसतो, हृदय बसत नाही. मिनिटाला सत्तर वेळा हलणाऱ्या वस्तूचा फोटो काढायचा आणि त्यात तीन मिलिमीटरची नळी स्वच्छ दिसायला हवी, म्हणजे तुम्ही धावत्या लोकलच्या खिडकीतल्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजताय. मॅराविचच्या काळातल्या मशीन्सना ते जमणं शक्य नव्हतं. २००४ च्या आसपास ६४ स्लाइसची मशीन्स आली आणि चित्र पालटलं. आता मशीन ईसीजीच्या तालावर चालतं. दोन ठोक्यांच्या मधे हृदय क्षणभर जवळजवळ स्थिर असतं, नेमकं तेव्हाचंच चित्र ते उचलतं.

आधी यासाठी फक्त तारेची अँजिओग्राफी होती. मांडीतून किंवा मनगटातून नळी आत घालून औषध सोडायचं आणि एक्स-रेवर सावली बघायची. सावलीत नळी दिसते, पण ती कुणाच्या पुढून गेली आणि कुणाच्या मागून, हे ओळखणं कठीण. शिवाय तोंडच नेहमीच्या जागी नसेल तर डॉक्टर ते शोधत बसणार. सीटीमध्ये अख्खं हृदय स्क्रीनवर फिरवून बघता येतं. वरून, खालून, आतून. नळी निघाली कुठून, तोंड गोल की चपटं, कोन किती तिरका, भिंतीतला तुकडा किती लांब आणि पुढचा रस्ता कोणता, ही पाचही उत्तरं एका स्कॅनमध्ये मिळतात. ऑपरेशन करायचं की नाही आणि कसं करायचं, हे त्या पाच उत्तरांवर बरंचसं ठरतं.

‘घराबाहेर जाता कामा नये’

हे सगळं मला का माहीत? माझा मावसभाऊ. राहतो नवीन पनवेलला, नोकरी ऐरोलीत, वय २६. शनिवार आला की याचे बूट बाहेर. गेल्या वर्षी ठाकूरवाडीवरून कलावंतीण चढताना त्याच्या डोळ्यांपुढे दोनदा अंधारी आली. दुसऱ्यांदा तो चक्क खाली बसला आणि काही सेकंद त्याला कशाचीच शुद्ध नव्हती. ग्रुपमधल्यांनी निदान लगेच केलं. ‘नाश्ता केला नसशील.’ त्याने केला होता. दोन प्लेट मिसळ.

ईसीजी नॉर्मल. इकोमध्ये मात्र डॉक्टरांना उजव्या धमनीचं तोंड नेहमीच्या जागी दिसेना. त्यांनी सीटी सांगितला. सोबत कोण जाणार? अर्थात ज्या बाईला ऑफिस नाही ती, म्हणजे फ्रीलान्सर मावसबहीण. मास कॉमची डिग्री घेताना हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन डेडलाइन गाठायचं शिकवत नाहीत, ते मी तिथे शिकले.

रिपोर्ट आला. उजवी धमनी डावीकडून निघालेली, दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून गेलेली, तोंड चपटं आणि सुरुवातीचा तुकडा भिंतीत. डॉक्टरांनी शांतपणे कागदावर चित्र काढून समजावलं. असं काही निघालेल्या प्रत्येकाला कापाकापी लागत नाही, विशेषतः उजव्या धमनीच्या बाबतीत, त्रास नसेल तर अनेकदा नुसतं लक्ष ठेवतात. पण हा श्रम करताना बेशुद्ध पडला होता. त्यामुळे आणखी तपासण्या, मग हार्ट सर्जनचं मत. तोवर ट्रेक, पळणं, फुटसाल, सगळं बंद.

घरी आल्यावर खरा पिक्चर सुरू झाला. मावशीने दार लावलं आणि मला किचनमध्ये बोलावलं.

‘हे बघ, हे घराबाहेर जाता कामा नये. याच्यासाठी स्थळं बघतोय आपण. हृदयाचं काही आहे म्हटलं की कोण देणार मुलगी?’

‘अगं मावशी, पण त्याला काय आजार झालाय का? नळीचा रस्ता वेगळा आहे, एवढंच.’

‘तुला कळतं ते. लोकांना ऐकू येतं फक्त हार्ट.’

मावशीचं चुकीचं होतं असं मला म्हणवत नाही. तिला हे जग माझ्यापेक्षा तीस वर्षं जास्त माहीत आहे. पण माझ्या भावाला रविवारी कांदेपोह्यांना जायचं होतं. तो गेला. आणि सगळ्यांसमोर नाही, पण ‘तुम्ही दोघं जरा बोला’ म्हणून गॅलरीत पाठवल्यावर त्याने मोबाइलमध्ये काढलेला रिपोर्टचा फोटो त्या मुलीसमोर धरला. घरी येऊन मला म्हणाला, ‘ताई, लपवून ठेवलं असतं तर पुढे छातीवरची खूण कुठे लपवणार होतो?’

मुलीने विचारलेला पहिला प्रश्न असा होता. ‘ऑपरेशननंतर परत ट्रेकला जाता येतं का?’

त्याला उत्तर माहीत नव्हतं. पुढच्या भेटीत त्याने सर्जनना तोच प्रश्न विचारला. त्यांनी सांगितलं, घाई नाही करायची, आधी काही महिने विश्रांती, मग परत तपासण्या, आणि त्या चांगल्या आल्या तर टप्प्याटप्प्याने. ऑपरेशनमध्ये भिंतीतल्या त्या तुकड्याचं छत उघडतात, त्यामुळे चपटी फट मोठी होते आणि नळीचं तोंड योग्य जागी येतं. भावाचं ते ऑपरेशन झालंय. चालणं सुरू आहे, वडाळे तलावाभोवती रोज दोन फेऱ्या. मुलीबद्दल मी पुढे काही लिहायचं नाही, अशी त्याची अट आहे.

दोन महिन्यांचं बाळ

जन्मजात हृदयविकार म्हटलं की आपल्याला छोटी मुलं आठवतात आणि ते बरोबरच आहे. धमन्यांच्या चुकांमधली सगळ्यात क्रूर चूक बाळांमध्येच दिसते. त्यात डावी धमनी महारोहिणीऐवजी फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून निघते. बॉस्टनच्या तीन डॉक्टरांनी १९३३ मध्ये तिचं वर्णन केलं आणि ब्लँड-व्हाइट-गारलँड सिंड्रोम म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. साधारण तीन लाख जन्मांत एक, इतकी ही दुर्मीळ.

जन्मल्यावर पहिले काही दिवस बाळ ठणठणीत. मग फुप्फुसाच्या बाजूचा दाब उतरत जातो आणि त्या धमनीला पुरेसं रक्तच मिळेनासं होतं. महिना-दोन महिन्यांचं बाळ दूध पिताना घामाघूम होतं, कळवळून रडतं, दम लागतो. घरात सगळे म्हणतात, पोटात गॅस झालाय, ओवा द्या. उपचार न झाल्यास यातली बहुतेक बाळं पहिला वाढदिवस बघत नाहीत. वेळेत कळलं, तर धमनी काढून महारोहिणीवर जोडता येते. मग बाळाचं हृदय पुष्कळ सावरतं.

आपल्यासाठी चांगली बातमी घराजवळच आहे. खारघरमध्ये, म्हणजे पनवेल महापालिकेच्याच हद्दीत, श्री सत्य साई संजीवनी हे मुलांच्या हृदयासाठीचं हॉस्पिटल २०१८ पासून सुरू आहे. तिथे जन्मजात हृदयविकाराच्या मुलांची ऑपरेशन्स मोफत होतात, बिलिंग काउंटरच नाही. शिवाय २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते, त्यात हृदयाचे जन्मजात दोषही धरलेले आहेत. राज्याची मोठी आरोग्य योजना, जी आता महात्मा फुले यांच्या नावाने चालते, ती २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. घरी कामाला येणाऱ्या ताईंना, सोसायटीच्या वॉचमनला हे सांगा. तुम्हाला गूगल आहे, त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही.

मग काय, सगळ्यांनी सीटी काढायचा?

अजिबात नाही! हे वाचून लगेच ‘फुल बॉडी पॅकेज’ बुक करू नका. सीटीत रेडिएशन असतं. आपण सगळे निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट घेतो. सुरुवातीच्या ६४ स्लाइसच्या काळात हृदयाच्या एका स्कॅनला दहाच्या वरही डोस लागायचा. आताच्या चांगल्या मशीनवर तो बऱ्याचदा पाचाच्या आत राहतो. कमी आहे, शून्य नाही. म्हणून तर सीटी मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स लागतं. त्यांचं ऑफिस आपल्याच वाटेवर आहे, वाशीची खाडी ओलांडली की अणुशक्तीनगरला.

दुसरी गंमत बघा. चेकअप पॅकेजमध्ये ‘कार्डियाक सीटी’ म्हणून अनेकदा नुसता कॅल्शियम स्कोअर असतो. त्यात शिरेतून औषध देत नाहीत. धमन्यांत चुना किती साठलाय, एवढंच त्यात मोजतात. स्कोअर शून्य आला तरी नळी कुठून निघाली आणि कुठून गेली, याचं उत्तर त्यात नसतं. त्यासाठी कॉन्ट्रास्ट देऊन केलेली सीटी कोरोनरी अँजिओग्राफीच हवी. गरोदर असाल किंवा किडनीचा त्रास असेल, तर एमआरआयचा पर्याय असतो का, हेही विचारा.

विचार कुणी करायचा? ज्यांना धावताना, चढताना, खेळताना चक्कर येते किंवा शुद्ध जाते. खेळून झाल्यावर नाही, खेळत असताना. ज्यांना श्रम केल्यावर छातीत दुखतं आणि थांबल्यावर थांबतं. ज्यांच्या घरात कुणी तरुणपणी, काही कारण न कळता, अचानक गेलंय. यातलं काही असेल तर ॲसिडिटीची गोळी घेऊन पुढचा ट्रेक प्लॅन करू नका. आधी हृदयरोगतज्ज्ञ, मग त्यांनी सांगितलं तर स्कॅन.

जायचं ठरलंच तर

चार तास पोट रिकामं ठेवायला सांगतात, आणि त्या दिवशी चहा-कॉफी बंद, कारण ठोके वाढतात. आधी रक्तात क्रिएटिनिन बघतात, औषध किडनीतून बाहेर पडतं म्हणून. ठोके मिनिटाला साठ-पासष्टच्या आत आणायला गोळी देतात. दमा असेल तर आधी सांगा, ती गोळी सगळ्यांना चालत नाही. धमन्या फुलाव्यात म्हणून जिभेखाली गोळी किंवा स्प्रे देतात. व्हायग्रासारखं काही घेतलं असेल तर लाजू नका, सांगून टाका, दोन्ही मिळून बीपी धाडकन खाली येऊ शकतं. डायबेटिसच्या गोळ्या, औषधांची ॲलर्जी, प्रेग्नन्सी, हेही आधीच सांगायचं.

औषध शिरेतून गेलं की अंगभर गरम लाट येते आणि आपल्याला शू झाली की काय असं वाटतं. झालेली नसते! काही सेकंद श्वास रोखायचा. संपलं. मशीनवरचा वेळ तुमच्या चहाच्या ब्रेकपेक्षा कमी.

रिपोर्ट हातात आला की त्यात धमन्यांचं ‘ओरिजिन’ आणि ‘कोर्स’, म्हणजे उगम आणि मार्ग, लिहिलेत का बघा. फक्त ‘ब्लॉकेज नाही’ एवढ्यावर घरी येऊ नका. आणि हेल्थ पॉलिसीचे ते बारीक अक्षरातले कागद एकदा उघडा. त्यात जन्मजात दोषांचे दोन प्रकार असतात, बाहेरून दिसणारे आणि आतले. हृदयाच्या नळीचा दोष आतल्या प्रकारात मोडतो. तुमच्या पॉलिसीत त्यासाठी काय लिहिलंय, हे एचआरला आजच मेल करून विचारा. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला एचआर नाही, मी एजंटला फोन केला.

पाऊस संपला की माची प्रबळला तंबूंची गर्दी होणार, मॅरेथॉनचे टी-शर्ट वाटले जाणार. जा, नक्की जा. फक्त ग्रुपमधलं कुणी चढताना अचानक खाली बसलं आणि म्हणालं, ‘काही नाही रे, नाश्ता कमी झाला,’ तर त्याला उठवून पुढे ढकलू नका. तिथेच थांबवा, खाली घेऊन या आणि सोमवारी ऑफिसला न जाता डॉक्टरकडे जायला लावा. एक हाफ डे गेला तर जाऊ दे.